नगरची हद्द आणि नगरचा कारभार

‘शहर’ हा शब्द आपण रोज वापरतो. पण आपले शहर कोठे सुरू होते आणि कोठे संपते, असे कोणी विचारले तर चटकन उत्तर देता येत नाही. भिंगारच्या माणसाला बाहेरगावी ‘तुम्ही कुठले?’ असे विचारा. तो ‘नगरचा’ म्हणून सांगेल. नवनागापूरच्या चाळीत राहणारा कामगारही तेच सांगेल. दोघांचेही खरे आहे. तथापि भिंगारचा मनुष्य महानगरपालिकेचा मतदार नव्हे, आणि नवनागापूरचाही नव्हे. एकाचे गाव छावणीत आहे, दुसऱ्याचे ग्रामपंचायतीत. म्हणजे लोकांच्या बोलण्यातले नगर एक आहे आणि कागदावरची नगरे अनेक आहेत. ही अनेकता कशी आली, कोणाच्या सोयीने आली आणि तिचा भार कोणाच्या डोक्यावर पडतो, याचा इतिहास या व्याख्यानात मांडावा असे आम्ही योजले आहे.

कामगार संघटनेच्या माणसाने किल्ल्या-दरवाजांच्या इतिहासात का शिरावे, अशी शंका एखाद्या श्रोत्याच्या मनात येईल. तिचे उत्तर सोपे आहे. भिंगारला राहणारा आणि नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारा एक कामगार डोळ्यांसमोर आणा. तो घरातून निघतो तेव्हा छावणीच्या हद्दीत असतो. तेथून तो राष्ट्रीय महामार्गाला लागतो. त्या रस्त्याचा मालक दिल्लीला असतो. मग महानगरपालिकेची हद्द लागते. शेवटी तो अशा ठिकाणी पोहोचतो, जेथे जमीन औद्योगिक विकास महामंडळाची आणि शेजारचे गाव ग्रामपंचायतीचे. दहा-बारा किलोमीटरच्या त्या सायकलफेरीत त्याचे चार-पाच धनी बदलतात. रस्त्यात खड्डा असला, दिवा नसला, अपघात झाला, तर तक्रार कोणाच्या दारी न्यायची हे त्याला प्रथम शोधावे लागते. आमच्या कामात हा प्रश्न वारंवार समोर येतो, म्हणूनच आम्ही इतिहासाकडे वळलो.

पाणलोटावरचे गाव

प्रथम भूगोल पाहू. नगर हे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर, सीना नदीच्या डाव्या तीरावर वसलेले आहे. सीना ही मोठी नदी नव्हे. ती नगरच्या आसपासच्याच डोंगराळ भागात उगम पावते, कर्जत-जामखेडच्या बाजूने दक्षिणेस जाते आणि सोलापूर जिल्ह्यात भीमेला मिळते. पाऊस वीस-बावीस इंचांच्या आसपास, तोही बेभरवशाचा. उन्हाळ्यात सीनेचे पात्र कोरडे पडते.

आता उत्तरेकडे मनमाड रस्त्याने विळदचा घाट उतरून राहुरीकडे जा. तेथून पुढचे पाणी सीनेला येत नाही. ते मुळेला जाते, मुळेतून प्रवरेला आणि प्रवरासंगमाशी गोदावरीला. म्हणजे नगर हे गोदावरी आणि भीमा या दोन मोठ्या खोऱ्यांच्या दुभाजकाला लागून बसलेले गाव आहे. अशा गावाला वाटा भरपूर असतात आणि पाणी थोडे. नगरचे अगदी तसेच आहे. पुणे, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, सोलापूर, दौंड, कल्याण, जामखेड, पाथर्डी असे रस्ते येथे एकत्र येतात. लष्कराला, व्यापाऱ्याला आणि कारखानदाराला ही जागा ज्या कारणाने आवडली ते कारण म्हणजे वाटा. त्या प्रत्येकाला जी अडचण पडली ती म्हणजे पाणी. नगरच्या कारभाराचा सारा इतिहास या दोन शब्दांत सांगता येईल.

पेठ, किल्ला आणि भिंगार

नगरच्या आधी भिंगार होते. १४९० साली मलिक अहमद याने बहामनी फौजेचा भिंगारजवळ पराभव केला, स्वतंत्र सत्ता पुकारली आणि त्या विजयाच्या जागी बाग निजाम नावाची बाग आणि वाडा उभारला. १४९४ साली त्याने सीनेच्या काठी आपल्या नावाचे शहर वसवण्यास प्रारंभ केला. बागेच्या जागी पुढे किल्ला झाला. हुसेन निजामशहाच्या काळात, १५६० च्या सुमारास, त्याला आजची दगडी तटबंदी मिळाली. शहरालाही तट होता. त्याच्या दिल्ली दरवाजा आणि माळीवाडा वेस या खुणा आजही उभ्या आहेत. झेंडीगेट, मंगलगेट ही नावे तर दरवाजा डोळ्यांना दिसत नसतानाही रिक्षावाल्याच्या तोंडी टिकून आहेत.

या रचनेत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. किल्ला हा शहराच्या तटाच्या आत नाही. तो पूर्वेस सुमारे अर्ध्या मैलावर, स्वतःच्या खंदकात वेगळा बसला आहे, आणि त्याच्याही पलीकडे भिंगार. राज्यकर्ता एका आवारात, व्यापारी आणि कारागीर दुसऱ्या आवारात, जुने गाव तिसरीकडे. नगरची तीन तुकड्यांची मांडणी अशी पहिल्याच शतकात झालेली आहे.

परंतु या तीन तुकड्यांना एकत्र बांधणारी एक वस्तू निजामशाहीने निर्माण केली, आणि ती म्हणजे पाणी. कापूरवाडी, वडगाव, शेंडी, भिंगार अशा आसपासच्या गावांच्या शिवारांतून, डोंगरपायथ्याच्या विहिरींतून आणि झऱ्यांतून जमिनीखालून खापरी नळांनी पाणी आणले गेले. ते उताराने, कोणत्याही यंत्राशिवाय, शहराच्या हौदांत, किल्ल्यात आणि फराहबागेसारख्या बागांत खेळवले गेले. सलाबतखान या मुर्तझा निजामशहाच्या वजिराचे नाव या कामांशी जोडलेले आहे. त्याचीच कबर शहा डोंगरावर आहे आणि लोक तिला चुकीने चांदबिबीचा महाल म्हणतात. या नळांनी पुढे तीन शतकांहून अधिक काळ शहराला पाणी पाजले. राजे बदलले, तट पडले, पण नळ वाहत राहिले.

आम्हांस यातून एक विचार सुचतो. नळ ज्या गावातून निघे ते गाव, नळ ज्या शिवारातून जाई ते शिवार आणि तो ज्या हौदात पडे तो मोहल्ला, यांचा एक सलग संबंध होता. कापूरवाडीची विहीर बुजली तर शहरातला हौद कोरडा पडणार, हे हौदावर घागर भरणाऱ्या बाईलाही कळत असे. शहराचा खरा प्रदेश तटापुरता नव्हता; तो पाण्याच्या उगमापर्यंत पसरलेला होता, आणि कारभाऱ्याला तेथपर्यंत पाहावे लागे. निजामशाही ही लोकशाही नव्हती; तिचे गोडवे गाण्याचे आम्हांस कारण नाही. तथापि आजच्या कारभाराने शिकावे असे एवढे एक सूत्र तिच्या नळांत आहे.

१६०० साली मोगलांनी किल्ला घेतला. १७०७ साली औरंगजेबाचा शेवट झाला तो भिंगारजवळच्या छावणीत. १७५९ साली किल्ला पेशव्यांकडे आला आणि पुढे शिंद्यांकडे गेला. १८०३ च्या ऑगस्टात वेलस्ली चालून आला तेव्हा त्याने ८ तारखेस पेठ शिड्या लावून घेतली आणि १२ तारखेस किल्ला शरण आला. एकाच गावाला दोनदा जिंकावे लागले, कारण ते गाव एक नव्हतेच.

नगरपालिका आणि छावणी

पेशवाई बुडाल्यावर, १८१८ नंतर, नगर हे इंग्रजी जिल्ह्याचे ठाणे झाले. तो जिल्हा आरंभी आजच्याहून बराच मोठा होता. नाशिक १८६९ साली त्यातून वेगळे झाले. तरीही १७,०४८ चौरस किलोमीटरचा हा जिल्हा आज क्षेत्रफळाने महाराष्ट्रात पहिला आहे आणि त्याचे तालुके चौदा. एवढ्या पसाऱ्याचे कलेक्टर, कोर्ट, तुरुंग, खजिना सर्व नगरात आले.

इंग्रजांनी किल्ल्याला आणि त्याभोवतीच्या माळाला लष्करी ठाणे केले. पेठेत माणसे राहिली, माळावर बराकी आणि कवायतीची मैदाने झाली, आणि बराकींच्या आश्रयाने भिंगारच्या बाजूला सदर बाजार वाढला. पेठेसाठी १८५४ साली नगरपालिका स्थापन झाली. ती १८५० च्या कायद्याखालची, म्हणजे महाराष्ट्रातील जुन्या नगरपालिकांपैकी एक. तिचे पहिले सभासद लोकांनी निवडलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर आणि १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यानंतर निवडणुकीचे तत्त्व हळूहळू शिरले; तेही घरवाल्यांपुरते आणि कर भरणाऱ्यांपुरते. सर्जेपुऱ्यातला साळी, तोफखान्यातला पद्मशाली विणकर, मोची गल्लीतला कारागीर यांना मताचा अधिकार मिळण्यास स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली.

छावणीचा कायदा वेगळा. १९२४ च्या आणि त्यानंतर २००६ च्या कायद्याने तिचा कारभार छावणी मंडळाकडे राहिला. मंडळाचा अध्यक्ष लष्करी ठाण्याचा प्रमुख, कार्यकारी अधिकारी केंद्र सरकारच्या संरक्षण मालमत्ता सेवेतला, आणि लोकांनी निवडलेले काही सदस्य. लष्कराला स्वतःच्या तळाची व्यवस्था हवी, हे समजण्यासारखे आहे. नगर हे रणगाडा दलाच्या आणि १९७९ पासून यांत्रिकी पायदळाच्या शिक्षणाचे मोठे केंद्र आहे, याचा आपणांस अभिमानही आहे. प्रश्न आहे तो तळाला लागून पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या धोबी, शिंपी, हमाल, विणकर, दुकानदार अशा नागरी वस्तीचा. तिचे घर, तिची गटार, तिची शाळा ही दिल्लीच्या संरक्षण खात्याच्या कायद्याने चालावी, हा इतिहासाचा वारसा आहे. सोय मात्र नव्हे.

१८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे झाली. तिचे स्टेशन जुन्या गावापासून दूर दक्षिणेस पडले, आणि गाव त्या दिशेने सरकू लागले. १९०१ च्या शिरगणतीत छावणीसह नगरची वस्ती ४२ हजारांच्या आसपास होती. मागावरची लुगडी, तांब्यापितळेची भांडी, आडत बाजार आणि लष्कराचा पुरवठा यांवर हे गाव जगत होते. स्वातंत्र्याच्या लढ्यात याच किल्ल्यात १९४२ पासून नेहरू, पटेल, आझाद आदि पुढारी स्थानबद्ध होते आणि नेहरूंनी ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ येथेच लिहिला, हे आपण सर्व जाणताच. म्हणून त्याचा विस्तार करीत नाही.

कारखाने माळावर गेले

स्वातंत्र्यानंतर कारभाराची घडी नवी बसली. १९५८ साली ग्रामपंचायतींचा कायदा झाला, १९६२ च्या महाराष्ट्रदिनी जिल्हा परिषदा आल्या, त्याच वर्षी ऑगस्टात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९६५ साली नगरपालिकांचा नवा कायदा झाला. चारही गोष्टी चांगल्या हेतूने झाल्या. परंतु प्रत्येक कायद्याने आपापले कुंपण घातले. खेडे एका कायद्यात, शहर दुसऱ्यात, कारखाना तिसऱ्यात. माणूस मात्र सकाळी खेड्यात उठतो, दिवसा कारखान्यात राबतो आणि संध्याकाळी बाजाराला शहरात येतो. त्याच्यासाठी एकही कायदा केलेला नाही.

नगरला दौंड रस्त्यावर कारखाना निघाला आणि तेथली लूना देशभर फिरली. सत्तरच्या दशकापासून नागापूर-निंबळकच्या माळावर औद्योगिक वसाहत उभी राहिली. महामंडळाने भूखंड पाडले, रस्ते केले, वीज आणली, मुळा धरणातून पाणी आणले. कारखान्यांसाठी हे सर्व झाले. कामगारांसाठी काय झाले? कामगार राहणार कोठे, याचे उत्तर योजनेत फारसे नव्हते. ते उत्तर कामगारांनी स्वतःच शोधले: नवनागापूर, वडगाव गुप्ता, निंबळक, बोल्हेगाव येथे, शेताच्या बांधावर, गुंठ्या-अर्ध्या गुंठ्यांत. पारनेर, पाथर्डी, आष्टीच्या दुष्काळी भागांतून, पुढे बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली माणसे तेथे खोल्यांतून राहू लागली. शेतीवर चालणाऱ्या खेड्यासाठी बनवलेल्या ग्रामपंचायतीला हजारो कामगारांची वस्ती सांभाळण्याची पाळी आली.

पाण्याचीही कथा बदलली होती. खापरी नळ निकामी होत गेले, पिंपळगाव माळवीचा तलाव पुरेना, आणि मुळा धरण झाल्यावर शहराने तिकडे धाव घेतली. मुळानगरहून पाणी उचलायचे, विळदला आणायचे, तेथून वसंत टेकडीवर चढवायचे आणि मग गावात सोडायचे. भूगोलाच्या दृष्टीने पाहू गेल्यास ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. पाणी गोदावरीच्या खोऱ्यातले. ते विजेच्या जोरावर दुभाजक ओलांडून भीमेच्या खोऱ्यात येते आणि वापरून घाण झाल्यावर सीनेतून दक्षिणेकडे जाते. निजामशाहीचे पाणी उताराने येत होते; आमचे पाणी चढाने येते. म्हणून वीज गेली की नगरची घागर रिकामी राहते. आणि उताराच्या पाण्यासाठी कापूरवाडीकडे पाहावे लागे, तसे चढाच्या पाण्यासाठी राहुरीच्या शेतकऱ्याकडे पाहावे लागते. कारण त्याच धरणावर त्याचा ऊसही आहे आणि वसाहतीचे कारखानेही.

इकडे शहर फुगत गेले. सावेडी, केडगाव, नागापूर, बोल्हेगाव ही जुनी खेडी शहराच्या हद्दीत आली. १९९१ च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे १ लाख ८१ हजार होती, ती २००१ साली सुमारे ३ लाख ७ हजार दिसली. दहा वर्षांत माणसे एवढी वाढली असे नव्हे. रेघ पुढे सरकली आणि खेडूत रात्रीतून शहरवासी झाले. ३० जून २००३ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. २०११ साली तिची लोकसंख्या साडेतीन लाखांवर होती. २०२४ साली शहराचे आणि जिल्ह्याचे नाव चोंडीच्या कन्येच्या, पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या स्मरणार्थ ‘अहिल्यानगर’ झाले. ज्या बाईने देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, तिचे नाव घेणाऱ्या शहराने पाण्याचा आणि निवाऱ्याचा हिशेब अधिकच चोख ठेवला पाहिजे, असे आम्ही मानतो.

रेघ आणि रोजी

हद्दीची रेघ ही नकाशावरची गोष्ट आहे, तिचा गरिबाच्या पोटाशी काय संबंध, असे समजू नये. तीन उदाहरणे देतो.

पहिले मजुरीचे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली महाराष्ट्रात जे दर जाहीर होत आले, त्यांत अनेक धंद्यांसाठी परिमंडळे पाडलेली असत. महानगरपालिकांचा प्रदेश वरच्या परिमंडळात, नगरपरिषदांचा त्याखाली, उरलेला मुलूख त्याहून खाली, अशी सर्वसाधारण रचना. म्हणजे गाव कोणत्या कायद्याखाली येते यावर माणसाच्या घामाची किंमत ठरे. त्याच्या खोलीचे भाडे आणि त्याच्या भाजीचा भाव मात्र रेघेच्या दोन्ही बाजूंना एकच.

दुसरे उदाहरण कराचे. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असे. नाक्यावरचा पैसा शहराचा आणि नाक्याबाहेरची वखार खेड्याची. म्हणून माल साठवणारे नाक्याबाहेर जाऊन बसत. जकात गेली, स्थानिक संस्था कर आला आणि गेला, २०१७ च्या जुलैपासून वस्तू व सेवा कर आला. आता शहराला स्वतःच्या बाजारातून पूर्वीसारखे उत्पन्न नाही. राज्य सरकारच्या अनुदानाकडे पाहत बसावे लागते. ज्याच्या हाती तिजोरी नाही त्याच्या हाती रस्ता तरी कसा राहील? २०२२ साली शहरातून जो मोठा उड्डाणपूल झाला तो राष्ट्रीय महामार्गाचा; वरचा रस्ता केंद्राचा, खालची गटार महानगरपालिकेची.

तिसरे उदाहरण झाडूवाल्याचे. ग्रामपंचायत शहरात विलीन होते तेव्हा तिची इमारत आणि तिची जमीन पहिल्याच दिवशी नव्या संस्थेची होते. तिच्या सफाई कामगारांचे आणि पाणीवाल्यांचे समावेशन मात्र वर्षानुवर्षे फायलीत फिरते. त्यांची सेवा किती वर्षांची धरायची, आकृतिबंधात जागा आहे काय, असे प्रश्न निघतात. हद्दवाढीचा आनंद साजरा करणाऱ्यांनी या माणसांची आठवण ठेवावी, एवढेच आमचे सांगणे.

इटलीतील एक प्रयोग

हा गुंता केवळ आपल्याच नशिबी आला आहे असे नाही. इटलीच्या उत्तरेस तूरिन नावाचे कारखान्यांचे शहर आहे. तेथे १९३९ साली मिराफिओरी येथे मोटारींचा प्रचंड कारखाना सुरू झाला. १९५०-६० च्या दशकांत दक्षिण इटलीतील दरिद्री खेड्यांतून लक्षावधी माणसे पोटासाठी उत्तरेकडे आली आणि तूरिनमध्ये व त्याच्या भोवतालच्या निकेलिनो, ग्रुलियास्को अशा गावांतून राहू लागली. १९७० च्या दशकात तूरिन बारा लाखांच्या घरात गेले. कारखाना एका हद्दीत आणि कामगारांच्या चाळी दुसऱ्या हद्दीत, हा नागापूरचा प्रश्न तेथे आपल्या आधी उभा राहिला.

इटलीत गावाच्या संस्थेला ‘कोमूने’ म्हणतात. अगदी लहान खेड्याला आणि रोमसारख्या राजधानीला हीच संज्ञा. तिच्यावर ‘प्रोविंचा’, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रांत, आणि त्यावर सरकारचा ‘प्रेफेत्तो’, म्हणजे जवळजवळ आपला कलेक्टर. ही घडी १८६५ च्या कायद्याने बसवलेली. मोठ्या शहरांना ती अपुरी पडते हे पाहून १९९० साली तेथे महानगर क्षेत्रांचा कायदा झाला. पण कोणते कोमूने आपले अधिकार सोडणार, यावरून तो कागदावरच राहिला. अखेर २०१४ च्या ५६ क्रमांकाच्या कायद्याने मार्ग काढला. नवी हद्द आखण्याचा वाद नको म्हणून जुना प्रांतच उचलला आणि त्याला ‘महानगर’ म्हटले. १ जानेवारी २०१५ पासून तूरिन, मिलान, नापोली, रोम इत्यादी ठिकाणी ही व्यवस्था आली.

तिचे गुण आहेत तसे दोषही आहेत. तूरिनच्या महानगरात तीनशेंहून अधिक कोमूने आहेत. त्यांत मोटार कारखान्याचे उपनगर आहे, तसे आल्प्सच्या कुशीतले काही डझन वस्तीचे मोंचेनीझियो हे खेडेही आहे. कोणतेही कोमूने मोडलेले नाही. प्रत्येकाचा नगराध्यक्ष आणि सभा कायम आहे. मोठे रस्ते, माध्यमिक शाळांच्या इमारती, एकंदर प्रदेशाची योजना एवढी समाईक कामे महानगराकडे दिलेली आहेत. ही रचना आम्हांस शहाणपणाची वाटते. परंतु महानगराचा प्रमुख म्हणून तूरिन शहराचा नगराध्यक्ष आपोआप येतो आणि महानगराची सभाही नगराध्यक्ष आणि नगरसेवक आपसांतून निवडतात. म्हणजे मोंचेनीझियोच्या शेतकऱ्यावर जो अंमल करतो त्याला त्या शेतकऱ्याने मत दिलेलेच नसते. २०२१ साली तेथील घटना न्यायालयाने या उणिवेवर बोट ठेवले आणि कायदेमंडळाने ती दूर करावी असे बजावले. सोय म्हणून मत वगळले की सोय टिकत नाही, असा याचा अर्थ.

आपल्या हाती काय आहे?

आपल्या घटनेतही या प्रश्नाचा विचार झालेला आहे. ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. दहा लाखांवरच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती आणि प्रत्येक जिल्ह्यासाठी जिल्हा नियोजन समिती तिने सांगितली. नगर दहा लाखांचे नाही, तेव्हा आपला मार्ग दुसरा. जिल्हा नियोजन समितीचे चार पंचमांशांहून कमी नसलेले सदस्य जिल्हा परिषद आणि नगरसंस्था यांच्या निवडलेल्या सभासदांतून, ग्रामीण व शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात, निवडून यावयाचे असतात. आणि शहर व खेडे यांचे समाईक प्रश्न, जागेचे नियोजन आणि पाण्याची वाटणी हे विषय घटनेने या समितीकडे स्पष्ट शब्दांत सोपवलेले आहेत. पाण्याची वाटणी! खापरी नळांच्या काळचा प्रश्न घटनेच्या २४३ झेडडी या अनुच्छेदात बसलेला आहे. प्रत्यक्षात ही समिती पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली निधी वाटणारी बैठक होऊन राहिली आहे, ही गोष्ट वेगळी.

शिवाय छावणी आणि औद्योगिक वसाहत यांना त्या रचनेत लोकांच्या वतीने जागा नाही. छावणीचे निवडलेले सदस्य घटनेतल्या नगरसंस्थेचे सभासद नव्हेत. वसाहतीत तर निवडलेले कोणी नसतेच. २०२३ साली केंद्र सरकारने हिमाचलातील खास योल छावणीची नागरी वस्ती छावणीतून मोकळी केली आणि इतर ठिकाणांसाठीही तो विचार पुढे आला. भिंगारचे जे व्हायचे ते होवो. परंतु भिंगारच्या माणसाला विचारून व्हावे.

याहून गंभीर एक गोष्ट सांगतो. छावणीच्या निवडलेल्या मंडळाची मुदत २०२१ साली संपली, आणि २०२३ साली जाहीर झालेली निवडणूक रद्द झाली. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, महानगरपालिकेची डिसेंबर २०२३ मध्ये. त्यामुळे २०२४ हे साल असे गेले की, या सबंध शहरप्रदेशात भिंगार, नगर आणि जिल्हा परिषद या तिन्ही ठिकाणी लोकांनी निवडलेला कारभारी नव्हता. होती ती फक्त खेड्यांतली ग्रामपंचायत. १८५४ साली नगरला सरकारने नेमलेले सभासद होते. एकशे सत्तर वर्षांनी आपण फिरून नेमलेल्या माणसांच्या हाती आलो. प्रशासक चांगले असतील, कार्यक्षमही असतील. तथापि चांगल्या मालकाच्या कारखान्यातही संघटना लागते, हे आम्ही आयुष्यभर सांगत आलो आहोत. तोच न्याय शहरालाही लागू आहे.

म्हणून आमची सूचना लहान आहे. सर्व हद्दी पुसून एकच मोठी महानगरपालिका करा, असे आम्ही म्हणत नाही. तसे केल्यास नवनागापूरला शहराचा कर आधी येईल आणि शहराचे पाणी मागाहून. महानगरपालिका, छावणी, औद्योगिक महामंडळ, जिल्हा परिषद आणि भोवतालच्या ग्रामपंचायती यांनी जिल्हा नियोजन समितीच्या छत्राखाली एका टेबलाशी बसावे. विषय तीनच असावेत: मुळेचे पाणी, सीनेत जाणारे सांडपाणी आणि कामगार वस्तीचे रस्ते-दिवे. बैठक उघड असावी, तिचा वृत्तांत मराठीत छापून लोकांना मिळावा, आणि तीत कामगारांचा व मुळेच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांचा एकेक प्रतिनिधी असावा. याला नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. लागते ती मागणी. आणि मागणी करण्यासाठी आधी आपला प्रदेश आपणांस ठाऊक असावा लागतो.

श्रोत्यांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी एखाद्या रविवारी माळीवाडा वेशीपासून निघून किल्ल्यावरून भिंगारला जावे, आणि पुढच्या रविवारी दिल्ली दरवाजाकडून नागापूरच्या वसाहतीपर्यंत. मुलांना बरोबर न्यावे. वाटेत जेथे जेथे हद्द बदलते तेथे थांबून दिवा कोणाचा, नळ कोणाचा, गटार कोणाची, हे तेथल्या माणसांना विचारावे. जी उत्तरे मिळतील ती वहीत लिहून ठेवावीत आणि पुढल्या निवडणुकीत जो मत मागण्यास येईल त्याच्यापुढे ती वही ठेवावी.